जानेवारीतलं बेसबॉल: सेंट लुइसमध्ये सह्यांच्या रांगेत

इलिनॉयमधलं ब्लूमिंग्टन शिकागो आणि सेंट लुइस यांच्या साधारण मधोमध आहे. इथे एका मोठ्या विमा कंपनीची मुख्य कचेरी आहे आणि तिच्यापायी आमच्यासारखी आयटीतली बरीच मराठी घरं इथे येऊन वसली. गणपती, दिवाळी, संक्रांत सगळं जोरात होतं. पण गावातल्या लोकांना तुम्ही कुठल्या देशाचे, याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. तुम्ही कुठल्या बेसबॉल संघाचे, शिकागोच्या कब्जचे की सेंट लुइसच्या कार्डिनल्सचे, एवढंच त्यांना हवं असतं. एकाच घरात नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे, असंही आहे. आम्ही कार्डिनल्सकडे गेलो ते शेजारच्या आजोबांमुळे. मुलाला ग्लव्ह घालायला त्यांनी शिकवलं, मग दुसरा पर्याय राहिलाच नाही.

ऑक्टोबरअखेर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, संपली की फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बेसबॉल बंद. या महिन्यांत माणसं कोण कुठल्या संघात गेला, कुणाचा करार किती वर्षांचा, असल्या बातम्यांवर गुजराण करतात. ही भूक ओळखून क्लबांनी हिवाळी मेळावे सुरू केले. कब्जनी 1986 मध्ये हॉटेलात पहिलं संमेलन भरवलं, मग हळूहळू इतरांनीही ती प्रथा उचलली. तेव्हा सिनसिनाटीचा मेळावा डिसेंबरात असे, मिनेसोटाचा जानेवारीच्या शेवटी. कार्डिनल्सचा ‘विंटर वॉर्म-अप’ 1997 पासून मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या लांब सुट्टीला होतो. 2013 च्या जानेवारीत आम्ही तिघं त्याला निघालो. बायकोला बेसबॉलमध्ये रस शून्य. तिची अट एकच होती, सेंट लुइसच्या ‘गेटवे आर्च’ या उंच कमानीच्या टोकावर जायचं.

आय-55 महामार्गावर पाहण्यासारखं काही नाही. कापलेल्या मक्याची खुंटं, मधूनच एखादा धान्याचा उंच कोठार-मनोरा, स्प्रिंगफील्डला लिंकनच्या नावाच्या पाट्या. मग मिसिसिपी येते आणि पुलावरून 630 फुटांची ती पोलादी कमान एकदम समोर उभी राहते. मेळावा तिच्या जवळच्याच एका मोठ्या हॉटेलात होता. हॉटेलाबाहेरच्या फुटपाथपासूनच सगळं लाल. लाल जाकिटं, लाल टोप्या, लाल कानपट्ट्या. एका बाईंनी कुत्र्यालाही लाल स्वेटर घातला होता.

आत शिरलं की बँक्वेट हॉलमध्ये बाजार भरलेला. मैदानावर मोडलेल्या बॅटा, वापरलेले बेस, घामाचे डाग असलेल्या टोप्या, आणि त्यांना ‘सामन्यात वापरलेलं’ म्हणून वेगळा भाव. एका टेबलावर 5 नंबरच्या पुहोल्सच्या जर्सी पडत्या भावात. संघाचा लाडका फलंदाज अल्बर्ट पुहोल्स 2011 च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या संघात गेला, तो राग इथे चांगलाच शिल्लक होता. बाजूच्या दालनात चाहते संघाच्या कारभाऱ्यांना प्रश्न विचारत होते. आदल्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत 3-1 अशी आघाडी असताना शेवटचे तीन सामने कसे घालवले, हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत होता. क्रिकेटवाल्यांना हा सूर लगेच ओळखू येईल.

पण खरी गर्दी सह्यांसाठी. पद्धत अशी: प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि प्रत्येक खेळाडूच्या सहीचं तिकीट वेगळं, त्यावर वेळ छापलेली. नवख्यांच्या सह्या फुकट किंवा अगदी स्वस्त, नावाजलेल्यांचे दर चढत जातात. सहीला पैसे मोजायचे हे ऐकून बायकोने भुवया उंचावल्या. तिला म्हटलं, अगं, गांधीजीसुद्धा हरिजन फंडासाठी सहीचे पाच रुपये घेत. इथेही तसंच आहे. हा पैसा खेळाडूच्या खिशात जात नाही, ‘कार्डिनल्स केअर’ या संघाच्या धर्मादाय संस्थेला जातो. तिच्यातून मुलांसाठी मैदानं बांधली जातात आणि ‘रेडबर्ड रूकीज’ नावाच्या उपक्रमात गरीब वस्त्यांतल्या पोरांना बॅट-ग्लव्हसकट फुकट खेळायला मिळतं. भुवया खाली आल्या, पण बटवा काही उघडला नाही.

रांगेत आमच्या पुढे एक निवृत्त पोस्टमन होते. गुडघे दुखतात म्हणून घडीचं स्टूल घेऊन आलेले. रांग चार पावलं सरकली की स्टूल उचलायचं, पुढे ठेवायचं, बसायचं. मुलाच्या हातातलं काळं मार्कर पाहून त्यांनी मान हलवली आणि खिशातून साधं निळं बॉलपेन काढून दिलं. मार्करची शाई चामड्यात पसरते, काही वर्षांत अक्षरं फुगून ओळखू येईनाशी होतात. मार्कर फोटोसाठी, जर्सीसाठी. काळ्या बॅटवर चंदेरी पेन. चेंडूवर मात्र बॉलपेनच, आणि टोपण आधीच काढून ठेवायचं, खेळाडूचा वेळ त्यात घालवायचा नाही.

मग चेंडू कसा धरायचा याचा पाठ झाला. अधिकृत चेंडू रॉलिंग्ज कंपनीचा, कोस्टा रिकात हाताने शिवलेला, लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके. (आकडा ऐकून मी मनातल्या मनात जपमाळ ओढलीच.) शिवणीच्या दोन ओळी जिथे एकमेकींच्या सगळ्यात जवळ येतात तिथे छपाई नसलेली एक कोरी पट्टी असते. एकाच खेळाडूची सही घ्यायची तर ती तिथे. अख्ख्या संघाच्या सह्या असतील तर ही जागा मॅनेजरसाठी, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकासाठी, राखून ठेवायची रीत आहे. चेंडू देताना हीच बाजू वर करून द्यायची. शिवाय ‘अमुकला सप्रेम’ वगैरे लिहून घेतलं की विकताना भाव पडतो. हे सांगून ते हसले आणि मुलाला म्हणाले, “तू विकणार आहेस का? नाही ना? मग नाव घालून घे.”

मला हे पटलं. आपल्याकडे स्वाक्षरीच्या वहीत नुसती सही मिळाली तर पोरं हिरमुसायची, ‘संदेश द्या ना’ म्हणून मागे लागायची. कोरी सही म्हणजे चेक. नाव असलं तर निदान दोन माणसं समोरासमोर आली होती एवढं तरी कळतं.

आमच्या वाट्याला एक तरुण पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, आला. त्याचं नाव सांगत नाही. तो पुढे मोठ्या संघात टिकला नाही आणि आता कुठे असतो ते त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. पण त्या दिवशी त्याच्याकडे वेळ होता. मुलाचं नाव जोडाक्षराचं. त्याने स्पेलिंग दोनदा विचारलं, आधी कागदावर लिहून पाहिलं, मग चेंडूवर उतरवलं आणि उच्चार बरोबर आहे का तेही विचारलं. कडेच्या रांगेतला मोठा खेळाडू तेवढ्यात आठ-दहा सह्या मारून मोकळा झाला होता. पहिलं अक्षर, एक लाट, आणि जर्सीचा नंबर. नंबर नसता तर कुणाची सही ते कळलं नसतं.

खोट्या सह्यांचा विषय पोस्टमननीच काढला. 1990 च्या दशकात हा धंदा इतका बोकाळला की एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढली. जप्त केलेल्या मालात मदर तेरेसांची सही ठोकलेले बेसबॉलसुद्धा निघाले! त्यांनी बेसबॉलवर सही का करावी, हा प्रश्न घेणाऱ्यांना पडला नाही. त्यानंतर 2001 पासून मेजर लीगने, म्हणजे हे सगळे संघ ज्यात खेळतात त्या लीगने, स्वतःची खातरजमा सुरू केली. सही होताना आजी-माजी पोलीस समोर उभे राहून पाहतात आणि मग वस्तूवर नंबराचा होलोग्राम लागतो.

“तुमच्याकडची सगळ्यात आवडती सही कुणाची?” मुलाने विचारलं. ते म्हणाले, स्टॅन म्यूझियल. आणि लगेच जोडलं, “पण तिचं काही विशेष नाही. या गावात प्रत्येकाकडे एक असते.”

स्टॅन म्यूझियल म्हणजे सेंट लुइसचं दैवत. 1941 ते 1963, मधलं नौदलातलं वर्ष सोडून, कायम याच संघात. 3,630 हिट (चेंडू टोलवून बेस गाठणं), त्यातल्या 1,815 घरच्या मैदानावर आणि बरोब्बर 1,815 बाहेर. 475 होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे टोले. पण गावात लोक आकडे कमी आणि बाकीचंच जास्त सांगतात. हॉटेलात जेवताना कुणी टेबलापाशी आलं तर खिशातून आधीच सही करून ठेवलेलं कार्ड काढून देत. लहान मूल दिसलं की डॉलरच्या नोटेची घडी घालून अंगठी करून देत. कुठेही माउथ ऑर्गन वाजवायला तयार. पोस्टमनना त्यांचं कार्ड असंच मिळालं होतं, पत्र टाकायला गेले असताना, न मागता.

त्याच दिवशी, 19 जानेवारीला, म्यूझियल गेले. ब्याण्णव वर्षांचे होते, बरीच वर्षं आजारी. बातमी संध्याकाळी आली. आम्ही कमानीवरून उतरून परतलो तेव्हा हॉटेलच्या लॉबीत टीव्हीखाली माणसं उभी होती आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्याच बातम्यांत अर्ल वीव्हरही गेल्याचं कळलं. बाल्टिमोरचे नामवंत मॅनेजर, पण जन्म सेंट लुइसचा. त्यांना मरण आलं तेही चाहत्यांच्या मेळाव्यातच, ओरिओल्स या बाल्टिमोरच्या संघाच्या कॅरिबियन जहाज-सहलीवर. एकाच दिवशी दोन हॉल ऑफ फेमर, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनातली माणसं.

रविवारी सकाळी आधी बुश स्टेडियमकडे चालत गेलो, दहा मिनिटांवर आहे. बाहेर 1968 पासूनचा म्यूझियलांचा पुतळा. ‘बेसबॉलचा परिपूर्ण योद्धा, परिपूर्ण सरदार’ अशा अर्थाच्या ओळी चौथऱ्यावर कोरलेल्या. पायाशी फुलं, टोप्या, झेंडे, आणि थंडीने कडक झालेली हाताने लिहिलेली पत्रं. एक गृहस्थ आपल्या नातवाला कार्ड दाखवत होते. त्यावर निळी, सुबक, प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी सही. शेजारच्याने आपलंही काढलं, मग तिसऱ्याने. पोस्टमनचं म्हणणं खरंच होतं.

हॉटेलात परतल्यावर मी एका विक्रेत्याकडे म्यूझियलांच्या सहीचा चेंडू पाहिला. भाव वाढवला असेल असं धरूनच विचारलं. किमतीची चिठ्ठी तीच होती, कालचीच. त्यांच्या तोडीच्या दुसऱ्या कुणाच्या सहीपुढे ती किंमत म्हणजे काहीच नाही. विक्रेता म्हणाला, “या गावात आज भाव वाढवला तर लोक टेबल उलटं करतील. आणि वाढवून टिकणार किती? सोमवारपर्यंत लोकांच्या कपाटांतून आणखी ढीगभर बाहेर येतील. या माणसाने कुणाला नाही म्हटलंच नाही, मग महाग कुठून होणार?” आम्ही घेतला. या वेळी बटवा बायकोनेच उघडला, का ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

“मग सगळ्यात महाग कुणाची?” मुलगा.

“शूलेस जो जॅक्सनची, जुन्या काळातला खेळाडू,” विक्रेता म्हणाला. “त्याला धड लिहिताच येत नव्हतं. चाहत्यांची पत्रं यायची त्यांवर त्याच्या नावाने सही बायको करायची. त्याच्या हातची मिळाली तर घर विकत घेता येईल.”

मुलाने जरा विचार केला. “आणि बायकोने केलेली?”

“तीही विकतो आम्ही,” चेंडू प्लास्टिकच्या डबीत बसवत तो म्हणाला. “तिचं अक्षर जास्त चांगलं होतं.”