कार्ट्रिजची डबी निवडताना आधी आतले अस्तर पाहावे

हातात धरून व्हिडिओ गेम खेळायच्या कन्सोलच्या कार्ट्रिज (खेळ साठवलेल्या प्लास्टिकच्या छोट्या वड्या) ठेवण्यासाठी डबी घेताना बहुतेक जण बाहेरचे कवच किती भक्कम आहे एवढेच पाहतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. कार्ट्रिजच्या आत हलणारा एकही भाग नसतो, त्यामुळे ती टेबलावरून पडली तरी सहसा फारसे बिघडत नाही. तिचे खरे वैरी म्हणजे दमट हवा, उष्णता आणि डबीच्या आतले निकृष्ट अस्तर.

सर्वप्रथम मापे पाहावीत. २००४ साली आलेल्या निन्टेन्डो डीएस या कन्सोलची कार्ट्रिज सुमारे ३५ × ३३ मिलिमीटर असते, तर त्याच कंपनीच्या स्विच या कन्सोलची सुमारे ३१ × २१. डीएसनंतर आलेल्या थ्रीडीएसच्या कार्ट्रिजला एका कोपऱ्यात छोटा उंचवटा असतो, त्यामुळे डीएसच्या मापाने घट्ट कापलेल्या खाचेत ती नीट बसेलच असे नाही. १९८९ सालच्या गेम बॉयची कार्ट्रिज या सर्वांहून कितीतरी मोठी आणि जाड. तिच्यासाठी वेगळी डबीच हवी. ‘सर्व प्रकारांसाठी’ असे लिहिलेली डबी मी घेत नाही, कारण सैल खाचेत कार्ट्रिज प्रवासभर घासत राहते आणि सर्वांत आधी तिच्यावरचे लेबल जाते.

आता अस्तराविषयी. स्वस्त डब्यांत पुष्कळदा पॉलियुरेथेनचा मऊ फोम असतो. दमट आणि उष्ण हवेत या फोमच्या काही प्रकारांचे काही वर्षांत विघटन होते. तो आधी चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो आणि तो भुगा नेमका कार्ट्रिजला कन्सोलशी जोडणाऱ्या धातूच्या संपर्कपट्ट्यांवर जाऊन बसतो. मुंबई किंवा कोकणात राहणाऱ्याने तर असा फोम टाळलेलाच बरा. पारदर्शक मऊ पीव्हीसीचे कप्पेही तितकेच घातक असतात, कारण पीव्हीसीला मऊपणा आणणारी द्रव्ये हळूहळू बाहेर झिरपतात आणि लेबलाला व प्लास्टिकला चिकटा आणतात. नव्या डबीचे झाकण उघडताच उग्र वास आला, तर ती परत करावी. सिलिकॉनच्या खाचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा साचा मला अधिक विश्वासाचा वाटतो. पॉलिप्रॉपिलीनची एकसंध बिजागरी वारंवार वाकवूनही सहजी तुटत नाही. मात्र सतत उन्हात राहिली, तर हेच प्लास्टिक ठिसूळ होते.

चुंबकाने झाकण बंद होणाऱ्या डब्यांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. कार्ट्रिजमधील माहिती चुंबकीय स्वरूपात साठवलेली नसते.

पाण्यापासून संरक्षणाचा आयपी६७ हा दर्जा म्हणजे धूळ आत न जाणे आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणे. लांबच्या प्रवासासाठी तो उपयोगी आहे, पण रबरी कडेची हवाबंद डबी भर पावसाळ्यात भरून बंद केली, तर बाहेरचा ओलावा आत येत नाही तसा आतला ओलावाही बाहेर जात नाही. म्हणून अशा डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवण्यापुरती जागा असावी. ओलावा शोषल्यावर रंग बदलणारे दाणे घेतले, तर ते कधी वाळवायचे हे बाहेरूनच समजते. कापडी चेनची डबी हवाबंद नसते. घरातल्या कोरड्या कपाटात ठेवायची असेल, तर ती पुरते.

गेम बॉयच्या अनेक कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद टिकवण्यासाठी बटणाएवढी बॅटरी असते. ती संपली की नोंद पुसली जाते आणि उष्णतेने ती लवकर संपते. कितीही महागडी डबी घेतली, तरी ती पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवल्यास या बॅटरीला तिचा काहीही उपयोग होणार नाही.