येरवाळी

उलटी झाली ती सांगोल्याच्या अलीकडं. लेकीला. मिरज सोडल्यापासून मान खाली घालून पुस्तक वाचत होती, आणि सासूबाई दर दहा मिनिटांनी "पोरी, मान वर कर" म्हणत होत्या. आतल्या कानाला गाडी वळलेली कळते, डोळ्यांना मात्र समोरचं पान जागच्या जागी दिसतं. या दोघांच्या भांडणात मार खातं बिचारं पोट. आलेपाकाची वडी तोंडात टाकून ती मागं टेकली आणि पुस्तक माझ्या पिशवीत आलं.

नागपूरला नात्यातलं लग्न होतं, निघायचं कोल्हापुरातून. सासूबाईंचं म्हणणं, महाराष्ट्र एक्सप्रेसनं जाऊ, निवांत वाचत बसता येतं. नवऱ्याचं म्हणणं, रत्नागिरी-नागपूर रस्ता आता झकास झालाय: मिरज, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा. जवळपास आठशे किलोमीटर! अर्थात गाडीच ठरली. गाडीत वाचायचं कसं, याचं उत्तर म्हणून त्यानं फोनवर एक ऐकायची कादंबरी उतरवून घेतली होती. एकोणीस तासांची. आपल्याच भागातली, शेतकऱ्याच्या घरातली गोष्ट. योगायोग असा, की लेकीच्या हातातलं पुस्तकही तेच. आजीच्या कार्डावर 'करवीर नगर वाचन मंदिरा'तून आणलेलं. ते वाचनालय १८५० सालचं. आमच्या सासूबाई तिथल्या इतक्या जुन्या सभासद, की त्या त्याच साली नाव घालून आल्या असाव्यात असा नवऱ्याचा संशय आहे.

पहिला अर्धा तास काही कळलंच नव्हतं. गळीत हंगाम चालू, त्यामुळं जयसिंगपूरपर्यंत उसाचे ट्रॅक्टर. एकामागं दोन ट्रॉल्या आणि वर डेक लावलेला. एक ट्रॅक्टर ओलांडेपर्यंत नायकाचा बाप आजारी पडून बराही झाला होता. लेकीनं वेग दीडपट केला, तर सासूबाई म्हणाल्या, "तेच्या मागं कुत्रं लागलंय काय?" मग वेग परत सरळ.

खरी गंमत पुढं, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातून जाताना सुरू झाली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, गाडीत सगळे गप्प, आणि वाचणारा एकदम म्हणाला, "व्हय, गाऽऽ."

"आँ? कुणाला गायला सांगतोय?" सासूबाई.

मग डोक्यात प्रकाश पडला. मूळ वाक्य होतं, 'व्हय गा, येरवाळी निघाय पायजे.' आपल्याकडं 'गा' म्हणजे हाक, 'अरे'सारखी, आणि 'येरवाळी' म्हणजे लवकर. या माणसानं ती हाक चांगली लांबवून तिचं गाणं केलं. आणि 'येरवाळी'चे दोन तुकडे: येर, वाळी. वाळीत टाकल्यासारखं काहीतरी. आवाज मात्र काय सुरेख! निवेदनात असा घोळदार, शुद्ध, की ऐकत राहावं. पात्रानं तोंड उघडलं की बिचारा अडखळायचा, नव्या चपलेनं चावल्यासारखा.

"ह्यो मानूस गंगावेशीत कट्ट्यावर उभा ऱ्हाऊन कधी दूध प्यालेला न्हाई," सासूबाईंनी निकाल दिला. म्हणजे हा कोल्हापूरचा नाही. आणि तिथून त्या प्रत्येक संवादानंतर तेच वाक्य पुन्हा, नीट म्हणायला लागल्या. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. त्यांनी शंकर पाटलांच्या तोंडून कथा ऐकल्यात. पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला उभे राहायचे तो काळ. कोल्हापूरजवळच्या पट्टण कोडोलीचे हे पाटील स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगतायत, हे ऐकलेल्या कानांना येर-वाळी कशी रुचणार? सोलापूर येईतो नवऱ्यालाही सवय लागली. वाक्य संपलं की तो गोष्ट थांबवायचा, आई म्हणायच्या, मग पुढं.

तुळजापुरात चहाला थांबलो तेव्हा, गाडी उभी आहे म्हणून, लेकीनं पुस्तक परत उघडलं. दोन मिनिटांत ओरडली, "आजी, इथं 'मी आलो' आहे. त्यांनी 'आले' वाचलं!"

म्हणजे कादंबरीतली बाई, कोल्हापूरची कुठलीही बाई म्हणेल तसं, 'मी आलो' म्हणते. लेखकानं ते तसंच ठेवलंय. वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटली असणार, त्यानं आपली सुधारली. मला राग यायला हवा होता. पण बघा ना, हे लिहिताना मीसुद्धा 'मी बसले, मी निघाले' असंच लिहिते आणि बोलताना रोज 'बसलो'च म्हणतो. त्या बाबाला तर कुणी सांगितलंही नसेल. मी कुणाला घाबरून सुधारते?

लातूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या पुढं रस्त्यावरची मराठी पातळ-घट्ट होत गेली. यवतमाळजवळ धाब्यावरच्या पोरानं "काय घेऊन राहिले तुम्ही?" विचारलं, तेव्हा सासूबाईंचे डोळे चमकले. "ह्ये तेला वाचाय द्या," म्हणाल्या.

येताना रात्रीचा प्रवास. एकाला डुलकी लागली की गोष्ट मागं घ्यायची, कारण नियमच तसा ठरलेला: सगळे जागे असतील तरच पुढं. त्यामुळं घरी पोचलो तेव्हा कादंबरी उरलीच. घरात ऐकायचा प्रयत्न झाला. कुकरची शिट्टी, दाराची बेल, टीव्ही. जमेना. लेक म्हणाली, मी वाचून शेवट सांगते, तर आजीनं पुस्तकच परत करून टाकलं.

सासूबाईंचा गुडघा गेली दोन वर्षं दुखतोय. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं की "काय झालंय मला?" म्हणून उडवून लावायच्या. काल जेवताना आपणहून म्हणाल्या, "ह्या रविवारी मिरजंला जाऊया काय? येरवाळी निघूया."

एक तास चाळीस मिनिटं उरलंय. जाऊन-येऊन पुरेल.