आमची वाटचाल : अमळनेरच्या उन्हात वाढलेला स्टुडिओ

तालुक्याच्या गावात फोटोग्राफरला आवडीनिवडी परवडत नाहीत. मुंबई-पुण्यात कुणी फक्त फॅशन करतो, कुणी फक्त इमारती, कुणी फक्त हॉटेलातली ताटं. अमळनेरला सकाळी कॉलेजच्या ॲडमिशनसाठी पासपोर्ट फोटो, दुपारी गारपिटीने झोपलेल्या केळीचा फोटो, संध्याकाळी साखरपुडा आणि रात्री उत्तरकार्याच्या बॅनरसाठी जुन्या ग्रुप फोटोतून एखाद्या आजोबांचा चेहरा वेगळा काढून मोठा करायचा, हे सगळं एका दिवसात येतं. आमच्या कामाची म्हणून जी काही पद्धत आज लोक ओळखतात, ती या सरमिसळीतूनच तयार झाली. 'शैली शोधू' म्हणून कुणी बसलं नव्हतं.

स्टुडिओ आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1978 साली सुरू केला. भाड्याचा एक गाळा, मागे डार्करूम, पुढे डोंगर-तळ्याचा रंगवलेला पडदा आणि दोन भिंगांचा याशिका कॅमेरा. 120 नंबरच्या फिल्मच्या एका रोलमध्ये बाराच फोटो बसत, त्यामुळे आप्पा बटण दाबायच्या आधी समोरच्याशी भरपूर बोलत. पेरणी झाली का, कापसाला भाव काय, मुलगी कुठे दिली. माणूस सैल झाला की खटका. ती सवय आमच्याकडे अजून आहे, फक्त रोल गेले.

फिल्म तेव्हा ओर्वो किंवा उटीला तयार होणारी इंदू. डेव्हलपरला 20 अंश तापमान लागतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी हाताला चटका देतं. पाणी गरम असलं की फिल्मवरचा थर मऊ पडून सुटायला लागतो, निगेटिव्हवर बारीक जाळी धरते. म्हणून उन्हाळ्यात धुलाई मध्यरात्रीनंतर. आई संध्याकाळीच दोन माठ डार्करूमच्या दारात भरून ठेवायची, बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून यायचा, ट्रेखाली परात, परातीत बर्फ. थर्मामीटर 20 वर आला की आप्पा लाल दिवा लावून पोझिटिव्हची, म्हणजे कागदावरच्या प्रिंटची, तयारी करून ठेवत, मग दिवा बंद करून अंधारात फिल्म टाकीत सोडत. पुढे कलर आलं. त्याच्या रसायनाला 38 अंश लागतात. ते वैशाखात आमच्या नळाला फुकट येतं, पण मशीन काही फुकट येत नव्हतं. त्यामुळे कलरचे रोल लॅबला पाठवायचे आणि प्रिंट येईपर्यंत गिऱ्हाइकाला 'आज-उद्या' सांगत बसायचं.

मी 1994 पासून पूर्ण वेळ गल्ल्यावर आणि कॅमेऱ्यामागे. त्याच सुमाराला निवडणूक आयोगाच्या फोटो ओळखपत्रांचं काम गावोगावी निघालं होतं, मग व्हिडिओ कॅसेटा, मिक्सिंग, प्रत्येक लग्नात विमानातून उतरणारे नवरा-नवरी. पैसा मिळाला. त्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते उन्हाबद्दल. खान्देशातली निम्मी लग्नं एप्रिल-मेमध्ये, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे. पारा 44 च्या पुढे, लग्न दुपारी साडेबाराचं, ते लागतं दोनला. डोक्यावर सूर्य, त्यामुळे प्रत्येकाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली. त्यात म्हातारी मंडळी पांढऱ्याशुभ्र धोतर-टोपीत, आणि चेहरे शेतात रापलेले. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं सरासरी राखाडी धरायची खोड असते. पांढरं जास्त दिसलं की तो फोटो अंधारा करतो. टोपीची घडी न् घडी दिसते आणि टोपीखालचा माणूस गायब. नवख्या पोराचे पहिल्या सिझनचे सगळे फोटो असेच असतात.

त्यात मांडवाचा आणखी एक ताप. लाल-पिवळ्या कापडातून ऊन झिरपलं की खालच्या सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते. पिवळ्या छताखाली नवरी पिवळी, तिच्या शेजारी लाल कनातीजवळ उभी असलेली करवली लालबुंद. एकाच फोटोत दोन रंग, कुठला दुरुस्त करणार? यावर आमचा उपाय साधा आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला जातो तेव्हाच घराभोवती एक फेरी मारून ठेवायची. कुठे निंबाची दाट सावली आहे, कुठल्या ओसरीत समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड परतून आत येतो, हे बघायचं. धाब्याच्या घराची पूर्वेची ओसरी दुपारी दोनला जो उजेड देते, तो आमच्या कुठल्याच महागड्या लाइटने अजून दिलेला नाही. नवरदेव पारावर जायच्या आधी नवरीला आणि तिच्या आईला त्या ओसरीत थोडा वेळ बसवायचं. मांडवात मात्र फ्लॅश हलका ठेवून छायेचा काळेपणा तेवढा मोडायचा, चेहऱ्यावर आदळायचा नाही, आणि मोजमाप टोपीवरून न घेता गालावरून घ्यायचं.

आता रंगाचं. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना वाद आहे आणि आमची बाजू आम्ही केव्हाच ठरवली आहे. कलर लॅबमध्ये पूर्वी रंग जुळवायला कोडॅकचं एक नमुना कार्ड असायचं, त्यावर गोरी बाई. त्या कार्डाला धंद्यात 'शर्ली' म्हणत. त्या बाईची कातडी बरोबर आली म्हणजे मशीन बरोबर. मग तापीकाठच्या माणसाचं काय होणार? पुढे कॉम्प्युटर आला, तेव्हा गोरं करणं आणखी सोपं झालं आणि गिऱ्हाइकंही मागायला लागली, विशेषतः स्थळासाठी फोटो असला की. आम्हीही देत होतो. एकदा लग्नाच्या वऱ्हाडातल्या एक आजी अल्बम चाळता चाळता थांबल्या आणि म्हणाल्या, "मना रंग असाच शे ना भो, कसाले गोरा करस?" हसू आलं, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. अल्बममध्ये सत्तर वर्षांचं ऊन पुसून टाकलेल्या त्या बाई घरच्यांनाही अनोळखी दिसत होत्या. त्या सिझनपासून डाग, पुरळ, घामाची चमक काढतो, रंग काढत नाही. ऑर्डर घेतानाच सांगतो. काही लोक उठून शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देतो. सावळ्या चेहऱ्याला गोरं करायची गरज नसते, बाजूने येणारा मोठा, मऊ उजेड लागतो. गालावर आणि कपाळावर एक सळसळीत चमक येते, आणि ती पावडरीने येत नाही.

चाळीसगावचं नाव घेतल्याशिवाय खान्देशातल्या फोटोग्राफरची हकीकत पुरी होत नाही. तिथले फोटोग्राफर कलामहर्षी केकी मूस 1989 साली गेले. स्टेशनजवळच्या त्यांच्या घरातून ते कित्येक दशकं जवळजवळ बाहेर पडले नाहीत, आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांच्यातून अख्खी दृश्यं उभी करत राहिले. आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिल्या आठवड्यात त्याला त्यांचं कलादालन बघायला पाठवतो. तो परत येऊन 'लेन्स कुठली होती' असं विचारतो की 'उजेड कुठून येत होता' असं विचारतो, यावर त्याला कॅमेरा कधी द्यायचा ते ठरतं. दुसरं ठिकाण भुसावळ. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवणारा आणि नंतर कॅमेराही हाती घेणारा रॉबर्ट गिल 1879 साली वारला, त्याची कबर तिथे आहे. त्याची बरीचशी चित्रं 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मुलांना हे सांगतो ते बॅकअपचं महत्त्व पटावं म्हणून. आमच्याकडे प्रत्येक लग्न एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिलं जातं, रात्री घरी आल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर उतरतं, त्यातली एक दुकानात राहत नाही. हे झाल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही, मग वरण-बट्टी गार झाली तरी चालेल.

मोबाइलने पासपोर्टचं गिऱ्हाईक नेलं तेव्हा घरात चिंता होती. पण त्याच काळात जळगावच्या सराफांकडून दागिन्यांची कामं यायला लागली. सोनं हा मोठा नाठाळ विषय. तो आरशासारखा वागतो. अंगठीत बघावं तर कॅमेरा, छत, ट्यूबलाइट आणि आपलंच तोंड. दागिन्याभोवती बटर पेपरची झोपडी करून बाहेरून उजेड सोडला की सोनं शांत होतं. पण त्याच उजेडात हिरा मेलेला दिसतो, त्याला बारीक, टोचणारा दिवा हवा. म्हणजे हिऱ्याच्या अंगठीला दोन्ही उजेड लागतात, आणि एकाने दुसऱ्याचं काम बिघडवायचं नाही. ओसरीत बसून सावळ्या गालावरची चमक सांभाळायला शिकलो, तेच इथे कामी आलं. केळीचंही तसंच. निर्यातीच्या खोक्यांसाठी फोटो हवा असेल तर घड उतरवल्या उतरवल्या, सकाळच्या आत घ्यायचा. दुपारी घासल्याचे डाग काळे पडलेले असतात आणि मग कॉम्प्युटरवर बसून केळी रंगवावी लागते.

मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्त जयंतीची यात्रा भरते, तापीकाठी, घोड्यांची. आम्ही दरवर्षी जातो, थोडं धंद्यासाठी, थोडं हौसेसाठी. तिथला गिऱ्हाईक सराफापेक्षा कडक. घोडा आडवा उभा हवा, चारही पाय वेगळे दिसायला हवेत, मान उंच आणि कान ताठ. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात, ती दिसली नाहीत तर व्यापारी फोटोचे पैसे देत नाही. घोडा काही आपलं ऐकत नाही. मग एक पोरगा माझ्या पाठीमागे बादलीत दाणे खुळखुळवतो, कान उभे राहतात, तेवढ्यात घ्यायचं. नुकरा म्हणजे पांढरा घोडा असला की तीच टोपीची भानगड, फक्त चौपट मोठी.

होळीला सातपुड्यात, अक्कलकुव्याच्या काठी गावालाही जायचो. आता कमी केलंय. नाचणाऱ्या माणसाच्या नाकाला लेन्स लावून उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्यांची तिथे इतकी गर्दी असते की होळी बघायची की फोटोग्राफर, कळत नाही. ओळखीच्या पाड्यावर जातो, काढलेले फोटो पुढच्या वेळी छापून नेऊन देतो. न देता पुन्हा गेलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आता धंद्याच्या रोकड्या गोष्टी, कारण नवीन मुलं हेच विचारतात. तारीख ठरली की निम्मा इसार, उरलेल्यातला मोठा हिस्सा हळदीच्या दिवशी. अल्बम झाल्यावर पैसे घेऊ म्हणणाऱ्याचे अल्बम कपाटात पडून राहतात. एका संस्थेच्या स्नेहसंमेलनाचं बिल अजून 'साहेबांच्या सहीला' आहे. घरातलं एक जाणतं माणूस, बहुतेक वेळा नवरीची आत्या, आमच्यासोबत फिरायला मागून घ्यायचं. कोण मामा, कोण थोरले जावई, कोण कुणाशी बोलत नाही, हे तिला ठाऊक. थोरल्या जावयांचा फोटो राहिला तर अल्बम कितीही चांगला असो, उपयोग नाही.

लेखी कराराचं मात्र गावाकडे कुणाला सुचत नाही, तो करा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणजे आपल्या कामाचा नमुना म्हणून तो फोटो दुकानात लावायचा असेल तरी आधी ठरवून घ्यायला हवं. आमच्या ऑर्डर फॉर्मवर तशी ओळ आहे, शेजारी 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी. 'नाही'वर खूण असेल तर फोटो कुठेही जात नाही, नवरी कितीही सुंदर असली तरी. ड्रोनचंही तसंच. 2021 च्या नियमांनंतर सोपं झालंय, पण कुठे उडवायला मनाई आहे तो नकाशा बघितल्याशिवाय उडवायचं नाही, आणि भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणींच्या बाजूला लग्न असेल तर ड्रोन घरी ठेवून जायचं.

सध्या माझी मुलगी दागिन्यांचं आणि एडिटिंगचं काम बघते, पुतण्या लग्नं. मी दुपारच्या वेळी आप्पांच्या निगेटिव्ह स्कॅन करत बसतो. बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची यात्रा, धाब्यांची घरं, लग्नाच्या पंगती, बरंच आहे. 2000 च्या आधी ज्यांच्या घरचं लग्न आमच्याकडे होतं, त्यांनी दुकानात चौकशी करावी, निगेटिव्ह सापडली तर प्रिंट काढून देतो. येताना वर्षापेक्षा गावाचं नाव नीट सांगा, नवरीचं माहेर आणि सासर दोन्ही. आप्पांनी पाकिटांवर तारखा कधी टाकल्या नाहीत, फक्त गावं लिहिली, आणि तीही कधी मुलीकडची, कधी मुलाकडची, ज्याने इसार दिला त्याची.