ब्रेन्नरची खिंड आणि आमचा कन्नड घाट

आल्प्सची मुख्य रांग ओलांडणाऱ्या मोठ्या खिंडींमध्ये ऑस्ट्रिया-इटली सीमेवरची ब्रेन्नर सगळ्यात ठेंगणी, उंची जेमतेम 1370 मीटर. म्हणून तर 1867 साली रेल्वे माथ्यावर मोठा बोगदा न खणता उघड्यावरूनच पलीकडे गेली. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकहून गाडी सिल नदीच्या खोऱ्यातून वळणं घेत चढते. मी खिडकी सोडली नाही.

स्टेशनच्या पाटीवर नाव दोनदा लिहिलंय, इटालियनमध्ये आणि जर्मनमध्ये. डोक्यावरच्या तारांतली वीजसुद्धा इथे बदलते. ऑस्ट्रियाकडे 15,000 व्होल्ट एसी, इटलीकडे 3,000 व्होल्ट डीसी. उत्तरेचं पाणी सिलमधून इनला, तिथून डॅन्यूबला आणि शेवटी काळ्या समुद्राला. दक्षिणेचं पाणी आयझाकमधून आदिजेला, तिथून एड्रियाटिकला.

चाळीसगावात भूगोल शिकवताना मी पोरांना कन्नड घाटाचं उदाहरण देतो. घाटाखालचं पाणी तितूर, गिरणा, तापी असं करत अरबी समुद्राला जातं. घाट चढून कन्नडकडे गेलं की शिवनेचं पाणी गोदावरीला, म्हणजे थेट बंगालच्या उपसागराला. इंग्रजांच्या काळात खाली पूर्व खानदेश जिल्हा आणि वर निजामाची हद्द. पण सोयरिकी दोन्हीकडे होत्याच. माझी आजी घाटावरचीच.

ब्रेन्नरला मला तिचीच आठवण येत राहिली. 1919 पर्यंत खिंडीच्या दोन्ही बाजूंना ऑस्ट्रियाचा एकच टायरोल प्रांत होता, बोलीही एकच. ऑस्ट्रिया पहिलं महायुद्ध हरल्यावर सेंट जर्मेनच्या तहात दक्षिण टायरोल इटलीला गेलं. पाणलोट, म्हणजे ज्या माथ्यावरून पाणी दोन दिशांना वाटलं जातं ती रेषा, हीच नैसर्गिक सीमा, असा इटलीचा दावा होता. तिथे राहणारे बहुतेक लोक जर्मन बोलणारे, पण त्यांना कोणी विचारलं नाही. पाणी कुठे वाहतं यावरून माणसं कोणाची हे ठरवणं मला अजिबात पटत नाही. 1998 मध्ये खिंडीतली तपासणी उठली, याचा मला मनापासून आनंद आहे.

आणि हा पाणलोटाचा नियम तरी सगळीकडे कुठे पाळलाय? दक्षिण टायरोलच्या पूर्वेकडे टोब्लाख गावाजवळ द्राउ नदी उगम पावते. ती पूर्वेला ऑस्ट्रियात जाते आणि पुढे डॅन्यूबला मिळते, म्हणजे पाण्याच्या हिशेबाने तो भाग ऑस्ट्रियाचा व्हायला हवा होता. पण उगम इटलीतच ठेवला. नववीच्या वर्गात आता ब्रेन्नरच्या नकाशाशेजारी टोब्लाखचाही नकाशा लावणार आहे. सीमा कुठे पाणलोटावरून जाते आणि कुठे नाही, हे पोरांनी स्वतः पेन्सिलीने आखून बघावं.