तुम्ही विचारलंत म्हणून: लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) वायरीने गाण्यात काय फरक पडतो?

"शून्य आणि एकच तर जातात ना त्यातून? मग वायर कुठलीही लावली म्हणून काय झालं?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, लिफ्टमध्ये विचारून झालंय, आणि धाकटा मेव्हणा दर दिवाळीला विचारतोच. उत्तर त्याच्या चेहऱ्यावर आधीच लिहिलेलं असतं.

तर आधी तुमचं मान्य करून टाकतो. शून्य-एक बदलत नाहीत. माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे फ्रेममध्ये, जाते आणि प्रत्येक फ्रेमच्या शेपटाला ३२ बिटांची तपासणी असते. खराब झालेली फ्रेम टाकून दिली जाते आणि तो तुकडा पुन्हा मागवला जातो. वायरीमुळे गंधार कोमल होत नाही. पण वायर तांब्याची असते हो! माहितीच्या सोबतीने त्या धातूवरून बरंच काही चालत येतं, आणि शून्य-एक संपून जिथे आवाज सुरू होतो तिथे जाऊन बसतं.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं.

आबांनी सांगलीतल्या एका घरगुती बैठकीची कॅसेट जपून ठेवली होती. तानपुरा मिरजेचा, आणि मागे बसून तो छेडणारे आबा स्वतः. ती कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवली आणि त्याच आठवड्यात शिल्डेड, म्हणजे तारांभोवती धातूचं आवरण असलेल्या, केबल आणल्या. जाडजूड, वेणी घातल्यासारख्या, दोन्ही टोकांना धातूचे कनेक्टर. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरपासून हॉलमधल्या स्विचपर्यंत (लॅनच्या वायरी जिथे एकत्र येतात ते खोकं) एक, तिथून स्ट्रीमरपर्यंत, म्हणजे कॉम्प्युटरवरचं गाणं अँप्लिफायरला देणाऱ्या यंत्रापर्यंत, दुसरी. किंमत घरात सांगितली नाही.

आबांना खुर्चीत बसवलं आणि लावलं. सुरुवातीची दोनेक मिनिटं नुसता तानपुरा आहे. आबांनी मान तिरकी केली.

"पंचम उतरलाय."

"कॅसेट जुनी आहे, आबा."

"जुनी असली तर चारही तारा उतरतील. एकटा पंचम कसा उतरेल? मी लावला होता तो."

यावर मी म्हणालो, "ऐंशीच्या पुढे कान फसवतात, आबा." अगदी प्रेमाने म्हणालो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आबा काही बोलले नाहीत. चष्मा उचलला आणि आत गेले.

गायन नसताना स्पीकरजवळ कान नेला की बारीक हमिंग मलाही ऐकू यायचं. मी अँप्लिफायरला दोष दिला. तो दोनदा दुरुस्तीला गेला आणि दोनदा निर्दोष परत आला. दुरुस्तीवाल्याने सल्ला दिला, अर्थिंगची पिन काढून टाका. मी काढली. हमिंग गेलं, आणि धातूचं खोकं तीन आठवडे अर्थशिवाय चाललं. आत काही सुटून खोक्याला टेकलं असतं तर हात लावणारा गेला असता. मला हे माहीत होतं, तरी केलं. तुम्ही करू नका.

शेवटी लाज वाटून अर्थ पुन्हा जोडला. हमिंग परत. मग एका रात्री तीच कॅसेट चालू असताना स्ट्रीमरच्या पाठीतून लॅनची केबल उपसली. तानपुरा वाजतच राहिला, कारण पुढचे काही सेकंद स्ट्रीमरच्या पोटात साठवलेले असतात. हमिंग मात्र त्याच क्षणी बंद! माहिती थांबली तरी गाणं चालू, आणि पंचम जागेवर.

शिल्डने दोन खोल्यांतल्या सॉकेटची अर्थ एकमेकांना जोडली होती आणि त्या फेऱ्यात विजेची घरघर फिरत होती: ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीतली १००, १५०. बैठकीतला सा काळी एकचा (पेटीची पहिली काळी पट्टी), म्हणजे खालचा पंचम साधारण १०४ला. शेजारी १००ची घरघर. दोघांची सेकंदाला चार वेळा थरथर. आबांना तीच ऐकू येत होती.

इलाज दीडशे रुपयांचा निघाला. साधी, शिल्ड नसलेली, प्लॅस्टिकच्या टोकांची लॅन केबल. लॅनच्या जॅकच्या आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, १५०० व्होल्ट सोसतील असे, त्यामुळे तारांच्या जोड्यांमधून धातूला धातू लागतच नाही. माझ्या महागड्या शिल्डने नेमकी तीच फारकत मोडली होती.

इथेच थांबायला हवं होतं ना? मी मध्ये काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, घातली. दोन टोकांना दोन कन्व्हर्टर, मध्ये नुसता प्रकाश. मला तानपुरा आणखी मोकळा वाटला. भाचीने माझ्याकडे पाठ करायला लावून दहा वेळा अदलाबदल केली. सहा बरोबर. ती म्हणाली, "मामा, नाणं उडवलं असतं तरी एवढंच." शिवाय स्ट्रीमरकडच्या कन्व्हर्टरला स्वस्तातला दोन पिनांचा अडॅप्टर आहे, ज्याच्यामुळे धातूला हाताची मागची बाजू लावली की झिणझिण्या येतात. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं उघडं. काच काढलेली नाही. दहा हा आकडा लहान आहे, असं मी भाचीला सांगितलंय.

साधी केबल लावली त्या दिवशी आबांना हाक मारली होती. ते बसले नाहीत. दारातच उभं राहून ऐकलं.

"लागलाय आता," म्हणाले, आणि चहा झालाय का बघायला गेले. कानांबद्दल मी जे बोललो होतो ते मीही काढलं नाही.

मेव्हण्याला यातलं फक्त दीडशे रुपयांचं सांगितलंय.