एकाच पिंजऱ्यासमोर अर्धा तास

शाळेची सहल प्राणीसंग्रहालयात गेली की काय होतं ते मी शिक्षिका म्हणून बरीच वर्षं बघतेय. गेटवर हजेरी, दोन-दोनची लाईन, वाघ बघितला पुढे चला, हत्ती बघितला पुढे चला, मागची मुलं ओरडतायत बाई आम्हाला दिसलंच नाही, पुढच्यांना ढकललं जातंय, आणि दोन तासांत सगळं "कव्हर" करून परत बसमध्ये. दुसऱ्या दिवशी निबंध. आम्ही वाघ पाहिला, हत्ती पाहिला, माकडं पाहिली, खूप मजा आली. सगळ्या वह्यांत तेच. आता वाघ-हत्ती ही नावं त्यांना शाळेत यायच्या आधीपासूनच येत होती, मग एवढी बस करून, पालकांच्या सह्या घेऊन आपण नवीन काय दिलं त्यांना?

म्हणून यावेळी चौथीच्या वर्गाला मी आधीच सांगून टाकलं की आपण फक्त तीन प्राणी बघायचे, प्रत्येकासमोर अर्धा तास बसायचं, वही-पेन्सिल हवी आणि फोटो काढायचे नाहीत. मुलं नाराज झाली, दोन पालकांचे फोनही आले की मग सिंह राहून जाईल ना. राहिला खरंच.

पहिला जिराफ. पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ, किती उंच, जीभ बघ काळी आहे, वगैरे. मग हळूहळू गप्प झाली, कारण जिराफ काहीच करत नव्हता, नुसता उभा राहून चघळत होता. आणि मग एकजण एकदम उठून ओरडला, बाई त्याच्या मानेतून बॉल वर गेला! कुणाचाच विश्वास बसेना. सगळे मानेकडे टक लावून बसले आणि थोड्या वेळाने खरंच एक गोळा खालून सरसर वर चढताना दिसला, कातडीखालून, लिफ्टसारखा. रवंथ म्हणजे काय हे मी वर्गात किमान चार वेळा शिकवलंय, पोटाचे कप्पे फळ्यावर काढून दाखवलेत, पण ते मुलांना कळलं त्या क्षणी. गोळा वर येतो, जिराफ चावतो, गिळतो, गोळा खाली जाताना पण दिसतो, जरा थांबून पुढचा वर. मग कुणीतरी म्हणालं चावतो किती वेळा ते मोजूया. एकाचे ४१ आले, एकीचे ४६, भांडण सुरू, की सुरुवात कुठून धरायची, तोंड हललं की एक का दात मिटले की एक. मी मुद्दाम मध्ये पडले नाही. त्यांनीच ठरवलं की दोघांनी जोडीने मोजायचं आणि तीनदा मोजायचं. विज्ञानाच्या तासाला जे मला सांगून जमत नाही ते त्यांनी आपणहून केलं.

मानेवरून आठवलं, एक मुलगी म्हणाली त्याच्या मानेत शंभर हाडं असतील. मी सगळ्यांना आपापल्या मानेमागे हात फिरवायला सांगितला, खाली जो मोठा उंचवटा हाताला लागतो तो साधारण सातवा मणका. जिराफाच्या मानेतही सातच असतात, फक्त त्याचा एकेक मणका पाव मीटरच्या आसपास लांब. उंदरालाही सातच. यावर बराच वेळ शांतता होती, आणि अशी शांतता मला फार आवडते.

दुसरे फ्लेमिंगो, म्हणजे रोहित. त्यांचे गुडघे उलटे का वाकतात हा प्रश्न येणारच होता. सगळ्यांना टाचा उचलून चवड्यांवर उभं केलं आणि सांगितलं की तुम्ही आत्ता फ्लेमिंगोसारखे उभे आहात, ते जे उलटं वाकतंय तो त्याचा घोटा आहे, गुडघा वर पिसांमध्ये लपलाय. गुलाबी रंग खाण्यातून येतो, पिल्लं राखाडी असतात, हे पण बोललो, पण लक्षात राहणार ते चवड्यांवर उभं राहणंच.

हे असं समजावून दाखवण्याचा खरंच उपयोग होतो का, तर लंडन झूमध्ये याचा एक अभ्यास झालाय, २०१४ साली प्रसिद्ध झाला. ७ ते १५ वयाच्या २,८०० हून जास्त मुलांकडून भेटीच्या आधी आणि नंतर, प्राणी कुठे राहतो, सोबत काय काय असतं याची चित्रं काढून घेतली होती. झूच्या शिक्षकांनी ज्यांना समजावून सांगितलं त्यांच्यापैकी ४१ टक्के मुलांच्या चित्रांत नवीन शिकल्याचं दिसलं, नुसत्या आपल्या शाळेसोबत फिरलेल्यांमध्ये ३४ टक्के. मला यात दोन गोष्टी दिसतात. सोबत सांगणारं माणूस असलं की फरक पडतो, आणि तरीही अर्ध्याहून जास्त मुलांच्या चित्रात पुढे गेल्याचं दिसलं नाही, म्हणजे झूला नेलं की मुलं आपोआप शिकतात हे काही खरं नाही. ती चित्रांची आयडिया मात्र मी उचलली, सहलीच्या आधी जिराफाचं चित्र काढून घेतलं आणि नंतर परत. आधीच्या बहुतेक चित्रांत जिराफ कोऱ्या कागदावर एकटाच उभा होता. नंतरच्या चित्रांत झाडं आली, दुसरे जिराफ आले, आणि निम्म्या चित्रांत मानेत एक गोल.

तिसरा बिबट्या, आणि इथे मला अवघड गेलं. तो कुंपणाच्या कडेने एकाच रेषेत येरझाऱ्या घालत होता, तिथली माती घासून गुळगुळीत झालेली. मुलांनी विचारलं की बाई हा असं का करतोय. "त्याला व्यायाम हवा असतो" असं सांगून मोकळं होता आलं असतं, काही वर्षांपूर्वी मी तसं सांगितलंय पण, आणि त्याची मला आज खंत वाटते. यावेळी खरं सांगितलं. बंदिस्त जागेत काही प्राणी असं एकच एक करत राहतात, आणि जे शिकारी प्राणी जंगलात लांब लांब फिरतात त्यांना हा त्रास जास्त होतो असं २००३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं. ध्रुवीय अस्वलाचा पिंजरा त्याच्या निसर्गातल्या कमीत कमी हद्दीच्या साधारण दहा लाखावा भाग असतो, असं त्यातच आहे. दहा लाखावा म्हणजे किती ते मुलांनी वहीत शून्यं मांडून बघितलं.

मग साहजिकच, बाई मग याला सोडून का देत नाहीत. मग अरबी ओरिक्सची गोष्ट सांगितली. हे पांढरं लांब शिंगांचं हरिण १९७२ मध्ये निसर्गातून पूर्ण संपलं होतं, पण काही प्राणी आधीच पकडून झूमध्ये वाढवले होते, त्यांचीच पिढी १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडली. आणि दुसरी पण सांगितली, अमेरिकेतल्या सिनसिनाटी झूमधल्या मार्था नावाच्या पॅसेंजर पिजन जातीच्या कबुतराची, ती तिच्या जातीची शेवटची, १ सप्टेंबर १९१४ ला पिंजऱ्यातच मेली. एकीकडे झूमुळे जात वाचली, दुसरीकडे झू असूनही वाचली नाही. नऊ वर्षांच्या मुलांना हे दोन्ही एकाच वेळी झेपतं का असं मला आधी वाटायचं, पण झेपतं, आपणच घाबरतो.

तिथल्या कीपर काकांना मुलांनी गाठलं. त्यांनी सांगितलं की ते कधी मांस लाकडाच्या ओंडक्यात लपवतात, कधी नवीन वास ठेवतात, म्हणजे बिबट्याला शोधायला काहीतरी काम मिळतं. मग बसमध्ये पूर्ण वेळ बिबट्याला अजून काय काय देता येईल याचीच लिस्ट चालली होती, मी दोन पानं भरून लिहून घेतली आणि झूला पत्र पाठवलंय.

आठवड्याने एक मुलगा वही घेऊन आला. त्याने गाईसमोर बसून मोजलं होतं, एका गोळ्याला ५३ वेळा, तीनदा मोजून, शेजारच्या मित्राला जोडीला घेऊन. जिराफ कमी का चावतो हे त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं एका जिराफावरून कसं ठरवणार, अजून मोजायला हवेत. आता पुढच्या सहलीला तो सगळ्यांच्या जोड्या लावणार आहे.