गोळी कुटून दिली तर चालंल काय?

मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहून मला वीस वर्षं झाली. "भाऊ, आजीला गिळवत नाही, गोळी कुटून मधातनं दिली तर चालंल न्हवं?" हे आठवड्यातनं दोनदा तरी ऐकतो. परवा मंगळवार पेठेतल्या ताई, तुम्ही विचारलंत. मागं चार गिऱ्हाइकं खोळंबलेली, म्हणून मी नुसतं "ही नको" म्हटलं. आता सविस्तर सांगतो.

साधी पॅरासिटामॉल खुशाल कुटा. कडू लागेल, एवढंच. तुमच्या हातात मात्र पँटोप्राझोल होती, म्हणजे ॲसिडिटीची गोळी. ते औषध पोटातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून गोळीवर असा लेप देतात की तो पुढं आतड्यात गेल्यावरच विरघळावा. कुटलीत की लेप फुटला आणि औषध वाटेतच वाया.

नावापुढं एसआर किंवा ईआर असलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळीचं त्याहून अवघड. तिच्यात बऱ्याच तासांचं औषध कोंडलेलं असतं. १९५२ साली स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकी कंपनीनं अशी कॅप्सूल बाजारात आणली: आत शेकडो बारीक दाणे, कुणावर पातळ लेप, कुणावर जाड. पातळवाले लवकर सुटायचे, जाडवाले सावकाश. एक कॅप्सूल घेतली की दिवसातनं तीनदा गोळीची आठवण ठेवायला नको.

आमच्या आबांची बीपीची गोळी असलीच होती. आईनं खलबत्त्यात कुटून दुधातनं दिली. थोड्या वेळानं आबा मोरीच्या दारात भिंत धरून खालीच बसले. दिवसभराचं औषध एकदम अंगावर आलं. मी तेव्हा डी.फार्मला होतो, आणि आई कुटत होती तेव्हा समोर बसून पोहे खात होतो.

उलटाही किस्सा आहे. एक काका मेटफॉर्मिन एसआर या साखरेच्या गोळीचं पाकीट आपटून म्हणाले, "गोळी आख्खी बाहेर पडली, पैसे परत द्या!" औषध आत पाझरून गेलं होतं, पडलं ते रिकामं टरफल. पटवायला अर्धा तास गेला.

आता तर सुईवाली औषधंही गोळीत येताहेत. सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचं औषध पोटात पचून जायचं, म्हणून इंजेक्शन. ते शोषलं जावं म्हणून सोबत एक क्षार घातला, आणि २०१९ साली अमेरिकेत त्याच्या गोळीला मान्यता मिळाली. अट एवढीच: उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास काही नाही. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत धारोष्ण दुधानं दिवस सुरू करणाऱ्याला हे सांगायचं म्हणजे सुईच बरी!

तर ताई, पँटोप्राझोलच्याच कुळातलं लॅन्सोप्राझोल जिभेवर विरघळणाऱ्या गोळीतही येतं. आजींना चालेल का ते डॉक्टरांना विचारा आणि चिठ्ठी बदलून आणा. जुनं पाकीट न कापता आणलंत तर परत घेतो.